लिनक्स सॉफ्टवेअर रेड: डिस्कच्या अवस्थेवर नजर कशी ठेवायची आणि ती हाताने कशी बदलायची

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकच साठा म्हणून वापरण्याची पद्धत; रेड ५ मध्ये एक डिस्क गेली तरी डेटा टिकतो. म्हणून तीन डिस्कच्या रेड ५ मधली एक डिस्क बंद पडली, तरी फाइली उघडतात, डेटाबेस चालतो आणि कोणाची तक्रार येत नाही. म्हणून पहिली डिस्क गेल्याचे दुसरी गेल्यावरच कळते, असे पुन्हा पुन्हा घडते. हा लेख लिनक्स कर्नलमधल्या एमडी ड्रायव्हरने आणि एमडीएडीएम या साधनाने चालणाऱ्या रेडविषयी आहे. इथल्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या मूळ रोमन स्पेलिंगने, मॅन्युअल पानात दिसतात तशाच टाइप करायच्या. बहुतेक कमांडना रूटचे अधिकार लागतात.

उदाहरणातला ॲरे, म्हणजे रेडमध्ये जोडलेल्या डिस्कचा संच, /डेव्ह/एमडी० आहे. त्यात ४ टीबीच्या तीन डिस्क आहेत: एसडीबी१, एसडीसी१ आणि एसडीडी१. नवी येणारी डिस्क एसडीई.

डिस्क बिघडल्याचे एमडीला कधी कळते

एमडी स्वतःहून डिस्कची तब्येत तपासत नाही. वाचायला किंवा लिहायला गेल्यावर चूक परत आली, तरच त्याला काही कळते. वाचनात चूक आली, तर तो उरलेल्या डिस्कवरून तो मजकूर तयार करतो आणि त्याच जागी पुन्हा लिहितो. ड्राइव्हकडे राखीव सेक्टर शिल्लक असतील, तर ही जागा आतल्या आत बदलली जाते आणि काम पुढे चालू राहते. लिहितानाच चूक आली, तर मेटाडेटातल्या, म्हणजे प्रत्येक डिस्कवर ठेवलेल्या ॲरेच्या माहितीतल्या, बॅड ब्लॉक नोंदीत तेवढा भाग टिपून ठेवला जातो. ही नोंद बंद असेल किंवा तिच्यात लिहिता आले नाही, तर डिस्क फॉल्टी, म्हणजे बाद, ठरते.

याचा परिणाम असा, की ॲरेत 'चालू' दिसणाऱ्या डिस्कवर कधीच न वाचले गेलेले खराब सेक्टर असू शकतात, आणि नोंद झालेली भोकेही असू शकतात. पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीभोवती आहेत. 'ॲरेत आहे' आणि 'चांगली आहे' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि दुसरे विधान तपासल्याशिवाय करता येत नाही.

अवस्था वाचण्याच्या चार जागा

पहिली जागा:

कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट

एमडी० : ॲक्टिव्ह रेड५ एसडीडी१[३] एसडीसी१[१](एफ) एसडीबी१[०]
७८१३७७०२४० ब्लॉक्स लेव्हल ५, ५१२के चंक, अल्गोरिदम २ [३/२] [यू_यू]

[३/२] म्हणजे तीन डिस्क हव्यात, दोन कामावर आहेत. पुढच्या चौकटी कंसात प्रत्येक जागेसाठी एक खूण असते: यू म्हणजे जागा भरलेली, अधोरेषा म्हणजे रिकामी. डिस्कच्या नावापुढे एफ असेल तर फॉल्टी, एस असेल तर स्पेअर, म्हणजे राखीव, डब्ल्यू म्हणजे राइट-मोस्टली, म्हणजे वाचनासाठी शक्यतो टाळली जाणारी, आर म्हणजे बदली म्हणून भरली जाणारी डिस्क, जे म्हणजे जर्नल, म्हणजे लिखाणाची आधी नोंद ठेवणारी डिस्क.

इथे एक चूक बरेच जण करतात. नावापुढच्या चौकटी कंसातला आकडा म्हणजे ॲरेतली जागा, असे ते समजतात. तसे नसते. वरच्या उदाहरणात एसडीडी१ चा आकडा ३ आहे, पण तिची जागा क्रमांक २ आहे. रेड ५ पहिल्यांदा तयार होताना एमडीएडीएम शेवटची डिस्क स्पेअर म्हणून घालते आणि तिच्यावर रिबिल्ड, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून मजकूर भरण्याचे काम, चालवते, त्यामुळे तिला पुढचा आकडा मिळतो. बदललेल्या डिस्कचेही असेच होते. म्हणून अधोरेषा पाहून कोणती डिस्क काढायची हे ठरवू नका. त्यासाठी दुसरी जागा बघा:

एमडीएडीएम --डिटेल /डेव्ह/एमडी०

खालच्या तक्त्यात 'रेडडिव्हाइस' हा स्तंभ खरी जागा दाखवतो. 'स्टेट' स्तंभात 'ॲक्टिव्ह सिंक', 'स्पेअर', 'स्पेअर रिबिल्डिंग', 'फॉल्टी' किंवा 'रिमूव्हड' असे दिसते. वरच्या भागात संपूर्ण ॲरेची अवस्था असते, आणि तिथला 'क्लीन' हा शब्द फसवा आहे. क्लीन म्हणजे लिहिण्याचे काम अर्धवट राहिलेले नाही, एवढेच. डिस्क गेलेली असताना तिथे 'क्लीन, डिग्रेडेड' येते; डिग्रेडेड म्हणजे डिस्क कमी असलेला ॲरे. 'क्लीन' एवढाच शब्द शोधणारी स्क्रिप्ट अशा वेळी सगळे ठीक असल्याचे सांगत राहते.

तिसरी जागा डिस्कवरचाच मेटाडेटा:

एमडीएडीएम --एक्झामिन /डेव्ह/एसडीबी१

यातल्या 'इव्हेंट्स' आणि 'अपडेट टाइम' या दोन ओळी महत्त्वाच्या. ॲरेची अवस्था बदलते तसा इव्हेंट्सचा आकडा वाढतो. बाहेर पडलेल्या डिस्कचा आकडा जिथल्या तिथे थांबतो. दोन डिस्कच्या आकड्यांतला फरक म्हणजे त्यातली एक किती मागे पडली याचे माप. बॅड ब्लॉकची यादी --एक्झामिन-बॅडब्लॉक्स या पर्यायाने मिळते. ती रिकामी असायला हवी. नसेल, तर ॲरे पूर्ण दिसत असला तरी त्या डिस्कची बदली ठरवा.

चौथी जागा कर्नलची: /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/ या फोल्डरमध्ये प्रत्येक डिस्कसाठी 'डेव्ह-एसडीबी१' अशा नावाचे उपफोल्डर असते आणि त्यात 'स्टेट' नावाची फाइल. ती वाचल्यावर 'इन_सिंक', 'फॉल्टी', 'स्पेअर', 'राइट_मोस्टली', 'वॉन्ट_रिप्लेसमेंट', 'रिप्लेसमेंट' असे शब्द स्वल्पविरामाने येतात. त्याच फोल्डरमधल्या 'एरर्स' फाइलमध्ये वाचनात आलेल्या पण दुरुस्त झालेल्या चुकांची मोजणी असते. हा आकडा शून्यापासून हलू लागला, की डिस्क अजून ॲरेत असतानाच इशारा मिळतो.

सूचना माणसापर्यंत पोहोचवणे

एमडीएडीएमचा मॉनिटर बहुतेक वितरणांत आपोआप सुरू होतो. त्याला फक्त पत्ता द्यावा लागतो. डेबियन आणि उबुंटूत /ईटीसी/एमडीएडीएम/एमडीएडीएम.कॉन्फ, रेड हॅट कुटुंबात /ईटीसी/एमडीएडीएम.कॉन्फ. त्यात 'मेलॲडर' या ओळीत ईमेल पत्ता आणि 'प्रोग्रॅम' या ओळीत स्वतःच्या स्क्रिप्टचा पूर्ण मार्ग लिहा. मग चाचणी:

एमडीएडीएम --मॉनिटर --स्कॅन --टेस्ट --वनशॉट

प्रत्येक ॲरेसाठी एक चाचणी संदेश यायला हवा. आला नाही, तर बहुधा यंत्रावर मेल बाहेर पाठवणारी सेवाच नाही. ही चाचणी न करता पुढे जाऊ नका. पत्ता लिहिलेला पण मेल कधीच न निघालेला, असे सर्व्हर खूप असतात.

मेल फक्त पाच घटनांना जातो: फेल, फेलस्पेअर, डिग्रेडेडॲरे, स्पेअर्समिसिंग आणि टेस्टमेसेज. रिबिल्ड सुरू झाले, संपले, स्पेअर कामाला लागली, ॲरे दिसेनासा झाला, या गोष्टी मेलमध्ये येत नाहीत. त्या 'प्रोग्रॅम' मध्ये दिलेल्या स्क्रिप्टला मात्र कळवल्या जातात. स्क्रिप्टला पहिल्या जागी घटनेचे नाव, दुसऱ्या जागी ॲरे आणि लागू असेल तेव्हा तिसऱ्या जागी डिस्कचे नाव मिळते. तिथून चॅटवर किंवा फोनवर संदेश पाठवता येतो.

आता एक बारीक पण महागात पडणारी गोष्ट. डिस्क गेल्याचा फेल मेल एकदाच येतो. डिग्रेडेडॲरे ही सूचना मॉनिटर एखादा ॲरे पहिल्यांदा पाहतो तेव्हाच निघते. चालू असताना डिस्क गेली, तर निघत नाही. म्हणजे तो एक मेल स्पॅममध्ये गेला, की मॉनिटर पुन्हा सुरू होईपर्यंत शांतता. यावर उपाय सोपा आहे. रोज एकदा क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी कमांड चालवणाऱ्या सेवेतून, --मॉनिटर --स्कॅन --वनशॉट चालवा. प्रत्येक वेळी तो ॲरे नव्यानेच पाहतो, म्हणून डिग्रेडेड असेल तोवर रोज मेल येत राहतो. डेबियनमध्ये अशी रोजची सोय पॅकेजसोबतच येते. ती चालू आहे ना, एवढे तपासा.

स्पेअर हरवल्याची सूचना हवी असेल, तर कॉन्फ फाइलमधल्या ॲरेच्या ओळीत 'स्पेअर्स=१' असे लिहिलेले लागते. दोन ॲरेंच्या ओळींत एकच 'स्पेअर-ग्रुप' लिहिला, तर एकाची स्पेअर दुसऱ्याच्या मदतीला जाते. पण ही हलवाहलव मॉनिटर करतो, कर्नल नाही. मॉनिटर बंद असेल तर स्पेअर जागची हलत नाही.

स्वतःची देखरेख व्यवस्था असेल, तर मजकूर शोधत बसण्यापेक्षा एमडीएडीएम --डिटेल --टेस्ट /डेव्ह/एमडी० चालवून परत येणारा कोड वापरा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे किमान एक डिस्क गेलेली, २ म्हणजे इतक्या गेल्या की ॲरे निरुपयोगी, ४ म्हणजे माहितीच मिळाली नाही. ४ लाही धोक्याची घंटा समजा.

महिन्यातून एकदा सगळे वाचून काढणे

जुन्या, कधी न उघडलेल्या फाइलींखालचे खराब सेक्टर रिबिल्डच्या वेळी उघडे पडतात, म्हणजे नेमके आधार उरलेला नसताना. म्हणून ॲरे निरोगी असताना संपूर्ण वाचून घ्यायचा:

इको चेक > /सिस/ब्लॉक/एमडी०/एमडी/सिंक_ॲक्शन

सुडो वापरत असाल तर ही ओळ 'परवानगी नाही' म्हणून अडते, कारण > हे चिन्ह तुमच्या शेलच्या अधिकारात चालते, सुडोच्या नाही. इको चेक | सुडो टी असे लिहून पुढे तोच मार्ग द्या. मध्येच थांबवायचे असेल तर 'चेक' ऐवजी 'आयडल' लिहा. डेबियनमध्ये ही तपासणी महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप होते, रेड हॅट कुटुंबात दर आठवड्याला.

चेक चालू असताना न वाचता आलेले सेक्टर उरलेल्या डिस्कवरून पुन्हा लिहिले जातात. वाचता येणारा पण एकमेकांशी न जुळणारा मजकूर फक्त मोजला जातो. तो आकडा त्याच फोल्डरमधल्या 'मिसमॅच_सीएनटी' या फाइलमध्ये सेक्टरांत असतो. रेड १ आणि रेड १० मध्ये तुलना मोठ्या तुकड्यांत होते, म्हणून १२८ दिसले तर त्याचा अर्थ ६४ केबीच्या एका तुकड्यात कुठेतरी फरक आहे इतकाच. रेड १ वर स्वॅप असेल, तर थोडा फरक निरुपद्रवी असू शकतो. रेड ५ किंवा ६ वर मात्र शून्याखेरीज काहीही आले, तर मेमरी, केबल, कंट्रोलर आणि अचानक वीज गेल्याचा इतिहास तपासायलाच हवा.

लगेच 'रिपेअर' लिहिण्याचा मोह होतो. त्याआधी ते काय करते, हे समजून घ्या. रेड १ मध्ये एका डिस्कवरचा मजकूर बाकीच्यांवर उतरवला जातो. कोणता बरोबर, हे एमडीला माहीत नसते. रेड ५ आणि ६ मध्ये डेटा खरा मानून पॅरिटी, म्हणजे हरवलेला मजकूर परत काढता यावा म्हणून डेटावरून मोजलेली माहिती, नव्याने काढली जाते. रेड ६ कडे दोन पॅरिटी असल्या तरी चूक कोणत्या डिस्कवर आहे ते शोधून तीच सुधारण्याचे काम हे रिपेअर करत नाही. म्हणून आधी बॅकअपशी फाइली ताडून बघा, नंतर रिपेअर.

स्मार्ट आणि वेळेचा मेळ

स्मार्ट म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद. एमडीच्या आधी ड्राइव्हला स्वतःला काय वाटते ते स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीबी ने दिसते. चार ओळी बघा: क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्यामुळे प्रलंबित सेक्टर, १९८ म्हणजे तपासणीत दुरुस्त न झालेले, १९९ म्हणजे केबलवरच्या चुका. १९७ शून्य नसेल, तर चेक चालवा आणि तो आकडा खाली येतो का ते पाहा. पुन्हा लिहिल्यावर तो बहुधा शून्यावर येतो. ५ वाढत चालला असेल, तर डिस्क बदला. फक्त १९९ वाढत असेल, तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदला. हा आकडा परत कमी होत नाही, म्हणून केबल बदलल्यावर तो तिथेच थांबला का, एवढेच बघायचे.

आता चांगल्या डिस्क ॲरेबाहेर फेकल्या जाण्याचे सगळ्यात मोठे कारण. साध्या डेस्कटॉप ड्राइव्हला एखादा सेक्टर वाचता आला नाही, तर तो मिनिट-दोन मिनिटे किंवा अधिक काळ स्वतःशीच प्रयत्न करत बसतो. कर्नल मात्र ३० सेकंद वाट बघते आणि लिंक रीसेट करते. ड्राइव्ह अजूनही उत्तर देत नाही, एमडीचे दुरुस्तीचे लिखाणही अपयशी ठरते, आणि एका खराब सेक्टरपायी संपूर्ण डिस्क फॉल्टी होते. रिबिल्ड चालू असताना असे झाले, की ॲरे कोसळतो.

उपाय दोन, यातला पहिला जमत असेल तर तोच:

स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७० /डेव्ह/एसडीबी

७० हे सेकंदाच्या दहाव्या भागात आहे, म्हणजे ७ सेकंद. एवढ्या वेळात ड्राइव्ह हार मानून चूक कळवतो आणि एमडी ती दुरुस्त करतो. ड्राइव्हने ही सोय नाकारली, तर उलट बाजूने कर्नलला धीर धरायला सांगा:

इको १८० > /सिस/ब्लॉक/एसडीबी/डिव्हाइस/टाइमआउट

दुसरे मूल्य यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर नाहीसे होते आणि पहिलेही बऱ्याच ड्राइव्हवर वीज गेल्यावर टिकत नाही. म्हणून यूडेव्ह नियमात (डिस्क कर्नलला दिसताच लागू होणाऱ्या) किंवा सुरुवातीला चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक डिस्कसाठी हे लिहून ठेवा.

डिस्क बदलणे

नावांवर विसंबू नका. एसडीसी हे नाव पुढच्या वेळी दुसऱ्याच डिस्कला मिळू शकते. स्मार्टसीटीएल -आय ने सीरियल क्रमांक काढा, कागदावर लिहा आणि डिस्कच्या लेबलवरच्या क्रमांकाशी जुळवा. डिस्क पूर्ण मेली असल्याने क्रमांक देत नसेल, तर बाकीच्यांचे क्रमांक काढा. यादीत नसलेली ती. डिग्रेडेड रेड ५ मधून चुकीची डिस्क ओढणे म्हणजे ॲरे तिथेच थांबवणे.

नवी डिस्क क्षमतेने किमान जुन्याएवढी हवी. तिच्यावर चालू डिस्कचे विभाजन उतरवायचे, ते जीपीटी पद्धतीचे असेल तर:

एसजीडिस्क -आर /डेव्ह/एसडीई /डेव्ह/एसडीबी
एसजीडिस्क -जी /डेव्ह/एसडीई

पहिल्या ओळीतले -आर रोमनमध्ये मोठ्या लिपीतले आहे, आणि त्यानंतर लगेच येते ती नवी, रिकामी डिस्क. शेवटी येते ती मूळ. क्रम उलटला, तर चालत्या डिस्कचे विभाजन पुसले जाते. एंटर दाबण्याआधी दोन्ही नावे पुन्हा वाचा. दुसरी ओळ, तिथलेही -जी मोठ्या लिपीतले, नव्या डिस्कला स्वतंत्र ओळखक्रमांक देते.

यापुढे जुनी डिस्क जिवंत आहे की मेलेली, यावर मार्ग वेगळा होतो.

जिवंत पण आजारी असेल, तर तिला आधी फेल करू नका. ही चूक सवयीने होते आणि त्यात ॲरे रिबिल्ड संपेपर्यंत तासन्‌तास आधाराविना राहतो. त्याऐवजी:

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --ॲड /डेव्ह/एसडीई१
एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिप्लेस /डेव्ह/एसडीसी१ --विथ /डेव्ह/एसडीई१

जुन्या डिस्कवरून नव्यावर सरळ प्रत निघते. जिथे जुनी वाचता येत नाही, तिथे बाकीच्या डिस्कवरून मजकूर येतो. पूर्ण होईपर्यंत जुनी ॲरेतच राहते, आणि पूर्ण झाल्यावर आपोआप फॉल्टी होते. यासाठी यंत्रात एक जागा आणि एक पोर्ट जास्तीचे लागते. सर्व्हर उभारतानाच ते मोकळे ठेवावे, असे आमचे ठाम मत आहे.

डिस्क मेली असेल किंवा जागाच नसेल:

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --फेल /डेव्ह/एसडीसी१
एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --रिमूव्ह /डेव्ह/एसडीसी१

फेल न करता रिमूव्ह केले, तर 'डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी' असे उत्तर येते. चालू डिस्क काढता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क आधीच ओढून काढली असेल आणि /डेव्ह मध्ये तिचे नावच उरले नसेल, तर नावाच्या जागी 'डिटॅच्ड' हा शब्द लिहा: आधी --फेल डिटॅच्ड, मग --रिमूव्ह डिटॅच्ड. चालू यंत्रातून डिस्क ओढण्यापूर्वी /सिस/ब्लॉक/एसडीसी/डिव्हाइस/डिलीट या फाइलमध्ये १ लिहा, म्हणजे कर्नल तिला व्यवस्थित सोडते. मग नवी लावून --ॲड करा; रिबिल्ड लगेच सुरू होते.

काढलेली डिस्क दुसरीकडे वापरणार असाल, तर तिच्यावर --झीरो-सुपरब्लॉक चालवा. नाहीतर पुढे कधीतरी ती जुन्या ॲरेचा तुकडा म्हणून ओळखली जाऊन अर्धवट ॲरे उभा राहू शकतो. याच डिस्कवरून यंत्र सुरू होत असेल, तर नव्या डिस्कवर ग्रब हा यंत्र सुरू करणारा प्रोग्रॅम बसवा आणि ईएफआय विभाजनाची प्रत करा. हे राहिले, तर ॲरे पूर्ण असूनही यंत्र सुरू होत नाही.

चुकून बाहेर पडलेली डिस्क परत घेणे

केबल हलली, कंट्रोलर क्षणभर अडखळला, आणि निरोगी डिस्क फॉल्टी झाली. आधी कर्नलच्या लॉगमध्ये, म्हणजे डीमेसगमध्ये कारण शोधा आणि ते दूर करा. मग --फेल झालेली डिस्क --रिमूव्ह करून:

एमडीएडीएम /डेव्ह/एमडी० --री-ॲड /डेव्ह/एसडीसी१

राइट-इंटेंट बिटमॅप, म्हणजे कुठे लिखाण झाले याची खूण ठेवणारा नकाशा, असेल, तर मधल्या काळात बदललेलेच भाग उतरवले जातात आणि काम काही सेकंदांत किंवा मिनिटांत संपते. बिटमॅप नसेल, तर री-ॲड नाकारले जाते आणि साध्या --ॲडने संपूर्ण रिबिल्ड करावे लागते. मोठ्या ॲरेवर एमडीएडीएम बिटमॅप स्वतःच ठेवते. जुन्या ॲरेवर तो आहे का, हे --डिटेलच्या 'कन्सिस्टन्सी पॉलिसी' ओळीत दिसते. नसेल तर चालू ॲरेवरच घालता येतो:

एमडीएडीएम --ग्रो /डेव्ह/एमडी० --बिटमॅप=इंटरनल

यंत्र सुरू झाल्यावर कधी 'ऑटो-रीड-ओन्ली' आणि 'रीसिंक=पेंडिंग' दिसते. हा बिघाड नाही. पहिले लिखाण होईपर्यंत ॲरे थांबलेला असतो. थांबायचे नसेल, तर एमडीएडीएम --रीडराइट /डेव्ह/एमडी०.

एसएसडी आणि साधी डिस्क यांचा रेड १ असेल, तर साध्या डिस्कच्या 'स्टेट' फाइलमध्ये 'राइटमोस्टली' लिहा. मग वाचन शक्यतो एसएसडीवरून होते. उलट करायला त्याच शब्दाआधी उणे चिन्ह.

रिबिल्डचा वेग

१५० एमबी प्रति सेकंद या वेगाने ४ टीबीला सुमारे साडेसात तास लागतात. पण एमडी वापरकर्त्यांच्या कामाला आधी वाट देतो. ॲरेवर सतत ताण असेल, तर वेग किमान मर्यादेकडे घसरतो. ही मर्यादा मुळात १००० केबी प्रति सेकंद असते, आणि त्या वेगाने तेच काम सुमारे ४५ दिवस चालेल. एमडीस्टॅटमध्ये 'फिनिश' चा आकडा वाढत जातोय असे दिसले, तर:

इको ५०००० > /प्रॉक/सिस/डेव्ह/रेड/स्पीड_लिमिट_मिन

रेड ५ आणि ६ साठी एमडी फोल्डरमधल्या 'स्ट्राइप_कॅश_साइझ' मध्ये २५६ ऐवजी ८१९२ लिहिल्याने बराच फरक पडू शकतो. मेमरी मात्र खर्च होते: ४ केबी गुणिले ३ डिस्क गुणिले ८१९२, म्हणजे ९६ एमबी. काम झाल्यावर दोन्ही मूल्ये पूर्ववत करा.

एकाच वेळी दोन डिस्क गेल्या तर

हात थांबवा. --क्रिएट चालवू नका. जुन्या डिस्कवर नवा ॲरे तयार करून डेटा परत मिळेल, हा सल्ला अनेक ठिकाणी दिसतो. पण एमडीएडीएमच्या आवृत्तीनुसार डेटा सुरू होण्याची जागा बदलते, आणि डिस्कचा क्रम किंवा चंकचा आकार चुकला, तर रीसिंक चांगल्या मजकुरावर चुकीची पॅरिटी लिहून टाकते.

प्रत्येक डिस्कचे --एक्झामिन एका फाइलमध्ये साठवा. ती फाइल या ॲरेबाहेर ठेवा. इव्हेंट्सचे आकडे ताडा. दोन डिस्क केबलमुळे एकदम पडल्या असतील, तर आकडे एकमेकांच्या अगदी जवळ असतात. ज्या डिस्कचा आकडा खूप मागे आहे, ती कित्येक दिवसांपूर्वीच बाहेर पडलेली असते. तिला यात घेऊ नका. खराब सेक्टर असलेल्या डिस्कची आधी डीडीरेस्क्यू या साधनाने दुसऱ्या डिस्कवर प्रत काढा आणि तीच वापरा. मग:

एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी०
एमडीएडीएम --असेंबल --फोर्स /डेव्ह/एमडी० /डेव्ह/एसडीबी१ /डेव्ह/एसडीडी१

ॲरे उभा राहिला, तर फाइलसिस्टिम केवळ वाचनासाठी माउंट करा, आधी महत्त्वाचा डेटा बाहेर काढा, आणि त्यानंतरच तिसरी डिस्क घाला.

सरावासाठी खोटा ॲरे

वरचे काहीही खऱ्या ॲरेवर पहिल्यांदा करू नका. ट्रंकेट -एस २००एम ने चार फाइली बनवा, प्रत्येकीवर लोसेटअप -एफ --शो चालवा (त्याने फाइल डिस्कसारखी वापरता येते), आणि मिळालेल्या लूप नावांपैकी तिघांचा रेड ५ करा:

एमडीएडीएम --क्रिएट /डेव्ह/एमडी९ --लेव्हल=५ --रेड-डिव्हाइसेस=३ --बिटमॅप=इंटरनल /डेव्ह/लूप१० /डेव्ह/लूप११ /डेव्ह/लूप१२

तुमच्या यंत्रावर लूपचे आकडे वेगळे असतील. एवढा ॲरे क्षणात भरतो आणि अवस्था बघायला वेळच मिळत नाही, म्हणून त्याच्या एमडी फोल्डरमधल्या 'सिंक_स्पीड_मॅक्स' मध्ये १००० लिहा. मग रिबिल्ड तीनेक मिनिटे चालते. आता एक डिस्क फेल करा, मेल येतो का बघा, रिमूव्ह करून री-ॲड करा. नंतर चौथी घालून रिप्लेस चालवा आणि दर काही सेकंदांनी एमडीस्टॅट वाचा. आरची खूण येते, आणि शेवटी जुन्या डिस्कपुढे एफ उमटतो. मेल आला नसेल तर कॉन्फ फाइलकडे परत जा. आवरताना आधी --स्टॉप, मग चारही लूपवर --झीरो-सुपरब्लॉक, मग लोसेटअप -डी, आणि सगळ्यात शेवटी फाइली पुसा.